बाराच्या गाडीचा निकाल

कळंब डेपोतल्या महानंदाला कुणी शिक्षणतज्ज्ञ म्हणून नेमलेलं नव्हतं. ती एस्टीत कंडक्टर. वाशी-कळंब रस्त्यावर अकरा वर्षं फिरलेली बाई. पण बारावीचा निकाल लागला की या रस्त्यावरच्या गावांतला बाप आधी तिच्या गाडीची पायरी चढायचा आणि मग कॉलेजची. तिकीट घ्यायचा, सुट्टे द्यायचा आणि खिशातून गुणपत्रिकेची घडी काढायचा.

"ताई, एवढं बघा की. पोरीला कुठं घालावं?"

महानंदा ती घडी उलगडायचीसुद्धा नाही. "मार्कातलं मला काय कळतंय. मला गाडीतलं कळतंय," असं म्हणून ती तिकिटाचं मशीन काखेत धरायची आणि निकाल द्यायची, मागच्या सीटवरच्यालाही ऐकू जाईल असा. बाईचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात अकरा वर्षं इंजिनाच्या वर बोलायची सवय.

तिचं माप साधं होतं. कॉलेज कसं आहे हे इमारतीवरून ठरत नाही, जाहिरातीवरून तर नाहीच नाही. पोरं कुठल्या गाडीनं घरी निघतात त्यावरून ठरतं. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीला पोरं दाराशी लोंबकळत असतील, तर कॉलेजात तास होतात. दुपारी बाराच्याच गाडीला परत निघाली असतील, तर तिथं हजेरी लावायची आणि परीक्षेला उगवायचं, एवढाच कारभार. "वेळापत्रक कागदावर असतंय," ती म्हणायची. "गाडी खरी असती."

याला हसण्यासारखं काही नाही. पाच-सहा वर्षांमागं हायवेला लागून एका नव्या संस्थेनं कॉलेज काढलं होतं. गावोगाव फ्लेक्स, फ्लेक्सवर कोट घातलेली गोरी पोरं, होस्टेल फुकट, संगणक दारात. माणसं तिकडं धावत सुटली तेव्हा महानंदानं भर गाडीत सांगितलं, "तीन आठवडं झालं, त्या फाट्यावर माझ्या गाडीतून एक पोरगं उतरलं न्हाय. पोरगं सोडा, मास्तरसुद्धा न्हाय." पुढच्या उन्हाळ्यात त्या कॉलेजला कुलूप लागलं. ज्यांनी ऐकलं त्यांची पोरं वाचली, ज्यांनी ऐकलं नाही ते कपाळावर हात मारून बसले, आणि तेव्हापासून महानंदाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला.

तिच्या या वेडाला कारण होतं. तिचे वडील बब्रुवान वाशीच्या बाजूला मेंढरं राखायचे. घरात बारावी झालेली हीच पहिली. आता कुठल्या कॉलेजात जाऊ, असं तिनं विचारलं तेव्हा बब्रुवान म्हणाले होते, "जितं गाडी उतरवंल तितं जा, बाई." गाडी ज्या कॉलेजसमोर थांबायची तिथं तिनं नाव घातलं. विषय कुठले, शिकवतं कोण, काही विचारलं नाही, कारण असं विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. वर्षभर रिकाम्या वर्गात बाकावर बसून आली. पुढं लग्न झालं, मग कंडक्टरचा बिल्ला काढला, मग नोकरी लागली. नोकरीवर तिचा जीव होता. पण त्या वाया गेलेल्या वर्षाचा राग तिच्या मनातून कधी गेला नाही, आणि दुसऱ्याच्या पोरांचं तसं होऊ नये असं तिला अगदी आतून वाटायचं.

कळंबच्या जवळ दोन कॉलेजं होती. खरी नावं लांबलचक, कुणाकुणाच्या स्मरणार्थ. माणसं एकाला चौकातलं म्हणायची आणि दुसऱ्याला माळावरचं. चौकातल्या कॉलेजची पोरं सकाळी दहाला वाशीहून महानंदाच्याच गाडीत बसायची आणि साडेपाचला परत तिच्याच गाडीत. पास दाखवा म्हटलं की मुकाट्यानं दाखवायची. माळावरच्यांचं मात्र भलतंच. सकाळी जाताना ती तिला कधी दिसली नाहीत. दुपारी बाराची गाडी कळंबहून निघाली की दहाव्या मिनिटाला माळफाट्यावर तीसभर पोरंपोरी उभी. गाडीत चढायची आणि खिडकीला डोकं टेकून घोरायची. काहींच्या बोटांवर काळे डाग. महानंदानं ठरवून टाकलं की केसांना कलप लावून पोरं कॉलेजला जातात, कुणाच्या तरी दुचाकीवर बसून हजेरीपुरती तोंड दाखवतात आणि बारा वाजता घर गाठतात. तिच्या मापात हे कॉलेज नापास झालं, आणि हा निकाल तिनं वर्षानुवर्षं बिनघोर वाटला.

दोन वर्षांमागं धनाजी नावाचा एक शेतकरी असाच तिच्या गाडीत आला होता. पोरगी मंजुषा सायन्सला चांगल्या मार्कानं पास झालेली. "ताई, माळावरचं कसं हाय?" त्यानं विचारलं. महानंदानं हात झटकला. "झोपायला चांगलं हाय. पोरगी शिकवायची असंल तर चौकात घाला." धनाजीनं मान डोलावली. चौकातल्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या जागा तोवर भरल्या होत्या, म्हणून मंजुषा आर्ट्सला गेली. महानंदानं ते ऐकलं आणि विसरून गेली. एवढ्या पोरांचं कुठवर लक्षात ठेवायचं?

आणि यंदा तिचीच पोरगी बारावी झाली. शिवांजली. सायन्सला एक्क्याऐंशी टक्के. डेपोत पेढे वाटून झाले, ड्रायव्हर शंभुलिंगअप्पांनी दोन जास्तीचे उचलले, आणि संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता महानंदानं विषय काढला. चौकातल्या कॉलेजात जाऊन फॉर्म आणायचा, शनिवार शेवटची तारीख.

"मला माळावर जायचंय," शिवांजली म्हणाली.

महानंदाच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. सबंध तालुक्याला जे कॉलेज नको म्हणून सांगितलं, तिथं घरची पोरगी जाणार. लोक काय म्हणतील ते सोडा; पोरीचं वर्ष जाईल, आपलं गेलं तसं, ही तिची खरी धास्ती.

शिवांजलीनं मात्र नीट सांगितलं. डिसेंबरात तिच्या शाळेची सहल म्हणून त्या कॉलेजची प्रयोगशाळा दाखवायला नेली होती. तिथं आजूबाजूच्या गावांतले शेतकरी पिशवीत माती आणून देतात आणि कॉलेजची पोरं ती तपासून चिठ्ठी देतात, शेतात काय कमी आहे ते. "पोरंच करतेत आई. सर मागं हात बांधून उभे राहतेत. चौकातल्या कॉलेजात आमाला दोनदा नेलं. तिथं काचेच्या कपाटाला कुलूप होतं. बघायचं, हात लावायचा न्हाय. मला केमिस्ट्री करायचीय, बघायची न्हाय."

"आन् भरतंय कवा ते कॉलेज?"

"सकाळी सातला."

"सातला कोण मरायला जातंय? अकरा वर्षांत म्या एक पोरगं सकाळी माळफाट्यावर उतरलेलं बघितलं न्हाय. बाराला मात्र सगळी माघारी. घोरत."

कोपऱ्यात फवारणीचा पंप उघडून बसलेला रणधीर, म्हणजे महानंदाचा नवरा, हे सगळं ऐकत होता. पंप दुरुस्तीचं त्याचं छोटं दुकान, काम घरी आणायची खोड. वॉशर बसवत तो म्हणाला, "उंटावरचा शहाणा ऐकला व्हता. एस्टीतली शहाणी आपल्याच घरात निघाली."

त्यावर त्या घरात जे बोलणं झालं ते इथं सांगत बसत नाही. रणधीरनं पंप उचलला आणि ओट्यावर जाऊन बसला, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी बाराच्या गाडीत महानंदाचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. वाशीला गाडी लागल्यावर चहा पिताना तिनं शंभुलिंगअप्पांना सगळं ऐकवलं. अप्पा उमरग्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, बोलणं तोलूनमापून. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"बाई, तुमी मुक्कामी गाडी कवा केली का?"

मुक्कामी गाडी म्हणजे जी संध्याकाळी एखाद्या खेड्यात जाते, रात्री तिथंच थांबते आणि पहाटे पहिल्या फेरीला परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओट्यावर नाहीतर शाळेच्या वऱ्हांड्यात पथारी टाकतात. डेपोत बायांना ती ड्युटी लावत नसत. महानंदानंही कधी मागितली नव्हती.

"न्हाय केली. तिचं काय?"

"म्या धा वर्षं अधनंमधनं करतोय. साडेपाचला निघती. माळफाट्याला पावणेसातला अर्धी गाडी रिकामी व्हती. समदी तीच पोरं, जी तुमच्या गाडीत घोरतेत."

महानंदानं कप खाली ठेवला. "मग अप्पा, इतकी वर्षं बोलला का न्हाईत? माझ्या पुढ्यात बसून गाडी चालवायलात, म्या मागं काय सांगायलेय ते ऐकू येत न्हाय व्हय?"

"येतंय की," अप्पा म्हणाले. "तुमी विचारत कुठं व्हता? तुमी सांगत व्हता."

हे तिला झोंबलं. पण महानंदाचं एक होतं, झोंबलं म्हणून ती रुसून बसणारी नव्हती. अप्पांच्या तोंडचं ऐकून तिनं आपलं मत बदललं नाही. जसं कागदावर विश्वास नाही तसा ऐकीव गोष्टीवरही नाही. गुरुवारी तिची सुट्टी होती. बुधवारी संध्याकाळी ती माहेरी गेली, कारण त्या गावात गाडी मुक्कामाला असायची, आणि गुरुवारी पहाटे सव्वापाचला, साध्या लुगड्यात, बिल्ल्याविना, मुक्कामी गाडीत जाऊन बसली. त्या गाडीचा कंडक्टर पोरगेलासा होता. त्यानं तिला ओळखलं आणि गडबडून तिकिटांचा हिशेब नीट लावायला लागला. "मॅडम, आज तपासणी हाय का काय?"

"तपासणीच हाय," महानंदा म्हणाली. "पण तुझी न्हाय."

पहिल्या फाट्यावर चौघं चढली. पुढच्या गावात सहा. कुणाचे केस ओले, कुणी अजून भाकरीचा घास चघळतंय. पांढरे अंगरखे घडी करून पिशवीत कोंबलेले. वीस मिनिटांत गाडी भरली, आणि चढणाऱ्या प्रत्येक तोंडाला महानंदा ओळखत होती. हीच ती बाराच्या गाडीतली झोपाळू पलटण. फक्त आत्ता एकही झोपलेलं नव्हतं. दोघीजणी वही उघडून भांडत होत्या, कुठलं उत्तर बरोबर ते.

शेजारी एक पोरगी येऊन बसली. मांडीवर मातीची प्लास्टिकची पिशवी, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर गट नंबर आणि शेतकऱ्याचं नाव. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळे डाग होते.

"हे कलपाचं हाय का गं?" महानंदानं विचारलं.

"कलप? न्हाय मावशी. सिल्व्हर नायट्रेट. आठ दिवस जात न्हाय." पोरगी हसली. "पेरणीच्या आत रिपोर्ट द्यायचेत, म्हणून रोज पंचवीस पिशव्या करायलोत. चारला उठावं लागतंय."

मागून एक पोरगा वाकून म्हणाला, "मावशी, तुमच्या दुपारच्या गाडीत झोप लई बेस लागती बरं का. डब्बल बेल मारताव तेवढी जरा हळू मारा."

गाडीभर हशा पिकला. महानंदाही हसली, पण तिचे कान गरम झाले होते. तिला लाज वाटत होती, सरळ सांगायचं तर. इतकी वर्षं ती या पोरांना आळशी म्हणत आली आणि ती पोरं तिच्या कितीतरी आधी उठून, तिच्याआधी राबून, दमून तिच्या गाडीत येत होती. तिनं माप चुकीचं धरलं नव्हतं. तिनं अर्धाच दिवस मोजला होता, आणि तो आपल्या ड्युटीचा अर्धा दिवस आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

माळफाट्याला ती त्यांच्यासोबत उतरली आणि कॉलेजपर्यंत चालत गेली. इमारत अगदीच साधी. गिलावा निघालेला, फाटकाला एक दार. फ्लेक्स कुठंही नाही. सात वाजून दहा मिनिटांनी तिनं वऱ्हांड्यातून एकेका वर्गात डोकावलं तेव्हा बाकं भरलेली होती. प्रयोगशाळेच्या दारात तर ती पंधरा मिनिटं उभी राहिली. मघाची पोरगी काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत होती आणि रंग पालटायची वाट बघत होती. तिचे सर खरंच मागं हात बांधून उभे होते. ते बाहेर येऊन म्हणाले, "काही काम होतं का?"

"न्हाय सर. बघायला आले व्हते," महानंदा म्हणाली. "जरा उशीरच झाला."

घरी येऊन तिनं चप्पल काढायच्या आत शिवांजलीला हाक मारली. "उद्या जा आन् माळावरच्या कॉलेजचा फॉर्म भर."

शिवांजलीनं वडलांकडं पाहिलं. रणधीरनं छताकडं पाहिलं.

"भरलाय," शिवांजली म्हणाली. "मंगळवारीच. ऑनलाइन. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर आला. फकस्त पालकाची सही ऱ्हायलीय. बाबा म्हणले, सही आईचीच घ्यायची, न्हायतर जायचं न्हाय."

महानंदाला आधी संताप आला, मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. एवढ्याशा पोरीनं ज्या गोष्टीची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी डिसेंबरातच करून घेतली, तिच्यासाठी आईला मुक्कामाला जावं लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिनं सही केली. एवढी जोरात की कागदाच्या मागं उमटली.

कुणी दुसरं असतं तर इथं गप्प बसलं असतं. पोरीला कॉलेज मिळालं, विषय संपला; लोकांना हळूहळू कळलं असतं. महानंदानं तसं केलं नाही. ज्या तोंडानं वाईट सांगितलं त्याच तोंडानं चांगलं सांगायचं, आणि त्याच आवाजात, असं तिनं ठरवलं. शुक्रवारी भर गाडीत सांगितलं. शनिवारी पुन्हा सांगितलं. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या घेऊन बसलेल्या माणसांनी ऐकलं, काहींनी टोमणे मारले. "बाई, आता साडेपाचच्या गाडीचंबी उलटं करताव का?" एकानं विचारलं. "बघून सांगते," ती म्हणाली. तिची पत गेली नाही. उलट, बाई चुकलं तर चुकलं म्हणते, म्हणून लोकांचा भरवसा थोडा वाढलाच.

पण एक गोष्ट गाडीभर सांगून भागणार नव्हती. सोमवारी सकाळी दहाच्या गाडीत धनाजीची मंजुषा चढली. आता आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला होती. नेहमीसारखा पास दाखवला आणि खिडकीजवळ जाऊन बसली. महानंदानं बाकीची तिकिटं फाडली आणि तिच्यापाशी येऊन उभी राहिली. या वेळी तिचा आवाज खाली होता.

"मंजुषा, दोन वर्षांमागं तुझ्या दादांला म्या माळावरच्या कॉलेजचं वाईट सांगितलं. ते खोटं निघालं. म्या पुरतं बघितलंच न्हवतं. तुझी केमिस्ट्री माझ्यापायी गेली."

मंजुषानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. "मला माहीत होतं, मावशी. माझ्या मामाची पोरगी तिथंच शिकत होती. पहाटेच्या गाडीनं जायची."

"तुला माहीत व्हतं?" महानंदानं विचारलं. "मग तवाच बोलली का न्हाईस? दादांला तरी सांगायचं व्हतंस."

"दादांनी तुमाला विचारलं. तुमी दादांला सांगितलं," मंजुषा म्हणाली. "म्या खिडकीपाशी बसले होते."

महानंदाला तो दिवस आत्ता लख्ख आठवला. धनाजीची घडी केलेली गुणपत्रिका, आपला झटकलेला हात. आणि खिडकीपाशी बसलेली पोरगी मात्र काही केल्या आठवेना. तिच्याकडं तिनं पाहिलंच नव्हतं. अकरा वर्षांत किती बाप तिच्यापुढं उभे राहिले असतील, आणि प्रत्येकाच्या मागं कुणीतरी बसलेलं असणार. बब्रुवानांनी तिला निदान "जा" तरी म्हटलं होतं. महानंदानं कुठल्या पोरीला तेवढंही म्हटलं नव्हतं.

गाडी एका फाट्यावर थांबली. पाच-सहा माणसं चढली, दार लागलं. अप्पा घंटीची वाट बघत होते. महानंदानं दोरी ओढली आणि आपल्या जागेवर न जाता मंजुषाच्या शेजारी बसली. मशीन मांडीवर ठेवलं.

"आता सांग," ती म्हणाली. "औंदा बीए संपल. पुढं तुला काय करायचंय?"

मंजुषानं आधी तिच्या तोंडाकडं बघून घेतलं, बाई खरंच विचारतेय का ते. मग तिनं पुस्तकांची पिशवी पायाशी ठेवली आणि बोलायला लागली. इतिहास तिला आवडायला लागला होता. तेरच्या संग्रहालयात ती दोनदा एकटी जाऊन आली होती. तिथल्या उत्खननात निघालेल्या मातीच्या भांड्यांवर पुढं शिकायचं तिच्या मनात होतं, आणि त्यासाठी कुठल्या विद्यापीठात जायचं तेही तिनं शोधून ठेवलं होतं. नुकते चढलेले लोक पैसे हातात धरून मागं वळून बघत होते. कुणीतरी "बाई, तिकीट" म्हणालं. अप्पांनी आरशातून एकदा पाहिलं आणि गाडीचा वेग जरा कमी केला. महानंदानं हातानंच सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि पोरीचं बोलणं कळंब येईपर्यंत ऐकून घेतलं.